पंडिता रमाबाई आणि केडगावच्या आंधळ्या मुली

उत्तर कन्नड जिल्ह्यात, म्हणजे ज्याला आपली जुनी माणसे अजून कारवार जिल्हा म्हणतात तेथे, जोयडा तालुक्यात कुंभारवाडा नावाचे गाव आहे. जोयड्याहून अणशीच्या बाजूने कारवारकडे जाताना ते लागते. सभोवार काळी नदीच्या खोऱ्याचे दाट रान, मराठी व कोंकणी बोलणारी विखुरलेली घरे आणि पावसाळ्यात चार-चार महिने न थांबणारी झड. अशा ठिकाणी धडधाकट मुलालाही शाळेत पोहोचायला ओढे ओलांडावे लागतात. मग ज्याला दिसत नाही, किंवा ज्याला ऐकू येत नाही, त्या मुलाचे काय? बहुतेक वेळा ते घरीच राहते. आईबापांची माया कमी असते म्हणून नव्हे. असल्या मुलाला शिकवता येते हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

हाच सह्याद्री दक्षिणेकडे पसरत जातो तेथे, तुंगा, भद्रा व नेत्रावती या तीन नद्या जेथे उगम पावतात त्या गंगामूळच्या अरण्यात, 23 एप्रिल 1858 रोजी एका मराठी ब्राह्मण कुटुंबात एक मुलगी जन्मली. तीच पुढे पंडिता रमाबाई झाली. तिचे नाव आपल्या मंडळ्यांत ठाऊक नाही असे घर सापडणार नाही. विधवांची कैवारी, मुक्तिसदनाची संस्थापिका आणि पवित्र शास्त्राची भाषांतरकार म्हणून आपण तिचे चरित्र शब्बाथशाळेत सांगतो. पण ऐकू येण्याच्या दोषामुळे जिची एक मोठी उमेद मोडली, आणि जिच्या घरी पुढे आंधळ्या मुली बोटांनी वाचू लागल्या, ती रमाबाई आपण क्वचितच सांगतो. तिच्याविषयी येथे लिहायचे आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडचे. तरुणपणी ते पुण्याला रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकले. हे शास्त्रीबुवा पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत. बाईमाणूस संस्कृत श्लोक म्हणते हे पाहून तरुण अनंतशास्त्र्यांना नवल वाटले आणि आपल्याही घरी असे व्हावे असे त्यांनी मनात धरले. पहिल्या पत्नीला शिकण्याची गोडी नव्हती, घरच्या वडीलधाऱ्यांनाही ते पसंत नव्हते. ती वारल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केले. तेव्हा त्यांचे वय चाळीसच्या पुढे होते आणि लक्ष्मीबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या काळी त्यात कोणाला वावगे वाटले नाही. गदारोळ झाला तो त्यांनी बायकोला देवभाषा शिकवायला घेतली म्हणून. उडुपीला पंडितांपुढे उभे राहून त्यांना शास्त्राधार दाखवावे लागले. ते त्यांनी दाखवले. तरी लोकांचे बोलणे थांबेना, तेव्हा ते बायकोला घेऊन गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. शिकण्याचा हक्क कोणाला आहे या वादापायीच रमाबाईंचा जन्म रानात झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मूल सहा महिन्यांचे असताना हे घर मोडले. कर्ज झाले होते. वेताच्या पेटीत ठेवलेल्या रमेला एका माणसाने डोक्यावर घेतले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. त्यानंतर त्यांना कायमचे घर असे लाभलेच नाही. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून शास्त्रीबुवांनी पुराण सांगावे आणि मिळेल त्यावर राहावे, असा तो संसार होता. रमा शिकण्याच्या वयाची झाली तोवर वडील म्हातारे झाले होते, म्हणून आईने शिकवले. पहाटे अंधारात लक्ष्मीबाई मुलीला उठवीत, मांडीवर घेऊन श्लोक म्हणत, आणि मुलगी ते ऐकून तसेच म्हणे. पाटी नाही, पुस्तक नाही. भागवताचे हजारो श्लोक असे कानांनी आत गेले. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ही गोष्ट मनात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध दोनदा येणार आहे.

नंतर मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. सगळे दागदागिने, भांडी, कपडे विकून झाले. अंगात कष्टाची ताकद होती, पण मोठ्या कुळातल्या विद्वानाने मोलमजुरी करायची नाही ही समजूत होती. भीक मागायची लाज होती. रानातली पाने खाऊन दिवस काढले. शेवटी वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले आणि एकेकाला जवळ घेऊन निरोप दिला. धाकट्या रमेला त्यांनी कुशीत घेतले तेव्हा तिचे तोंड त्यांना दिसत नव्हते, कारण त्यांची दृष्टी गेलेली होती. ते हातांनी तिचे डोके व गाल चाचपीत राहिले. मुलगा श्रीनिवास याने लाज सोडून मजुरी करण्याची तयारी दाखवली म्हणून जलसमाधीचा बेत राहिला, पण थोड्याच दिवसांत वडील गेले, त्यांच्यामागून आई गेली आणि पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. या मुलीच्या डोळ्यांसमोर तिचा आंधळा बाप उपाशी मेला. तीस वर्षांचा काळही लोटला नव्हता तोच ती दुसऱ्या एका दुष्काळात आंधळ्या मुली गोळा करीत होती. या दोन गोष्टींत संबंध आहे असे तिने कोठे म्हटल्याचे मला आठवत नाही. मला मात्र तो दिसल्यावाचून राहत नाही.

भाऊ-बहिणीने पायी हिंदुस्थान पालथा घातला. स्वतः रमाबाईंच्या हिशेबाने हे चालणे चार हजार मैलांचे झाले. 1878 साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. 16 एप्रिल 1881 रोजी मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पती पटकीने गेले. तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. बायकांना शिकवायला बायका हव्यात आणि बायकांना औषध द्यायला बायका डॉक्टर हव्यात, असा त्या साक्षीचा मथितार्थ होता.

त्या डॉक्टर होण्यासाठी दुसऱ्या कोणाला पाठवण्याऐवजी स्वतःच जावे, असे त्यांनी ठरवले. 1883 साली मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे राहिल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी माता-पुत्रीचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताकडे त्या कशा ओढल्या गेल्या, ती हकीकत वाचकांना चांगली माहीत आहे. ती येथे पुन्हा सांगत नाही. सांगायचे आहे ते वैद्यकीचे. रमाबाईंच्या कानांत दोष होता आणि तो इतका होता की वैद्यकीचा अभ्यास त्यांना करता येणार नाही हे स्पष्ट झाले. व्याख्यान ऐकायचे, रोग्याच्या छातीला नळी लावून आतला आवाज ओळखायचा, हे सारे कानांचे काम.

वाचकहो, ज्या बाईने सारी विद्या कानांनी मिळवली, तिचे कानच तिला अंतरले! ज्या एका कामासाठी समुद्र ओलांडला, लोकांची निंदा सोसली, ते कामच हातून गेले. वय पंचवीस, पदरात दोन वर्षांचे मूल, परका देश. अशा वेळी माणूस परत फिरतो किंवा कुढत बसतो. रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तेथील मुख्य अध्यापिका मिस डोरोथिया बील या शहाण्या बाईंनी त्यांच्या कानांकडे न बघता त्यांच्याजवळ काय आहे ते पाहिले. रमाबाईंनी संस्कृत शिकवावे आणि इंग्रजी, गणित व शास्त्रे शिकावी, अशी व्यवस्था झाली. 1884 पासून 1886 पर्यंत त्या तेथे होत्या. ऐकण्यात उणीव असलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजने दारातून परत पाठवले नाही, त्याच्यासाठी वेगळी वाट काढून दिली. आज ज्याला आपण विशेष गरजांच्या विद्यार्थ्याची सोय म्हणतो, ती याहून निराळी नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या शब्बाथशाळेच्या वर्गातही कमी ऐकू येणारे मूल असू शकते, आणि शिक्षकाला ते वर्षानुवर्षे कळत नाही. असे मूल बहिरे आहे असे कोणी म्हणत नाही, ते मठ्ठ आहे किंवा लक्ष देत नाही असेच म्हणतात. ते आपल्या ओठांकडे पाहून शब्द ओळखते. पण ओठांवर प, ब आणि म ही अक्षरे सारखीच दिसतात. पाठ म्हटले काय आणि माठ म्हटले काय, त्या मुलाला दोन्ही एकच. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागला, किंवा खिडकीकडे पाठ करून उभा राहिला म्हणजे तोंडावर अंधार येतो, की तेवढाही आधार गेला. त्याला पुढच्या रांगेत बसवावे, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे उभे राहावे आणि ओरडण्यापेक्षा सावकाश बोलावे. याला पैसा लागत नाही.

1886 च्या आरंभी रमाबाई अमेरिकेला गेल्या. त्यांची आप्त आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर होत होती, तो समारंभ 11 मार्च 1886 रोजी होता. जी पदवी आपल्याला मिळू शकली नाही ती घेणाऱ्या मुलीचे कौतुक करायला त्या अटलांटिक ओलांडून गेल्या, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो. थोडे दिवस राहायचे म्हणून गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धती शिकून घेतली. या पद्धतीत मूल पाठांतराने नव्हे तर हातांनी शिकते. लाकडी गोळे व ठोकळे हाताळायचे, कागद दुमडायचा, दोरे विणायचे, मातीला आकार द्यायचा. श्लोकांवर वाढलेल्या पंडितेला ही अगदी वेगळीच विद्या होती. त्यांना ती एकदम पटली. याच मुक्कामात, 1887 साली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली.

योगायोग असा की त्याच वर्षी मार्चमध्ये बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिकलेली ॲन सलिव्हन ही तरुणी दक्षिणेकडे अलाबामात एका सहा वर्षांच्या मुलीला शिकवायला गेली होती. ती मुलगी हेलन केलर. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या मुलीला तळहातावर अक्षरे काढून भाषा शिकवता येते, हे सगळ्या जगाला कळले ते त्यानंतर. आपल्या देशातही तेव्हा नुकती कोठे सुरुवात होत होती. मुंबईत बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा 1885 च्या सुमारास रोमन कॅथलिक बिशपांनी काढली. 1887 साली अमृतसरला मिस ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधशाळा काढली, ती हिंदुस्थानातील पहिली. सरकारी शाळांत अशा मुलांना जागा नव्हती, आणि ती असावी असे कोणी सुचवलेही नव्हते.

मुंबईला परतल्यावर 11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी शारदासदन उघडले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई नावाची बालविधवा. तिचे पुढे महर्षी कर्व्यांशी लग्न झाले. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आले. तेथे 1893 साली मुली ख्रिस्ती होतात म्हणून जे वादळ उठले, आणि नामवंत हितचिंतक कसे दूर झाले, ते सर्वश्रुत आहे. त्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. एवढे खरे की त्या वादळानंतर रमाबाई शहरी प्रतिष्ठित घरांवर अवलंबून राहिल्या नाहीत. पुण्याहून सुमारे चाळीस मैलांवर केडगावला त्यांनी शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडे लावली.

जमिनीत पीक धरते न धरते तोच 1896 सालचा दुष्काळ आला. मध्यप्रांतातून आलेल्या बातम्या वाचून रमाबाईंना स्वस्थ बसवेना. उपास काय असतो हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. शारदासदनात आजवर ब्राह्मण विधवा असत. आता सर्व जातींच्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावरच ठेवले. असे मुक्तिसदन जन्माला आले. मग 1899-1900 सालचा, गुजरात व राजपुताना पोळून काढणारा दुष्काळ आला आणि केडगावची माणसे एकोणीसशेच्या घरात गेली.

या गर्दीत आंधळ्या मुली होत्या. असणारच. कित्येक महिने पालाभाजी, दूध मिळाले नाही म्हणजे लहान मुलाच्या बुबुळाचा वरचा पडदा कोरडा पडतो, त्याला जखम होते आणि काही दिवसांत डोळा जातो. आज आपण त्याला अ जीवनसत्त्वाचा अभाव म्हणतो. तेव्हा हे नाव कोणाला माहीत नव्हते. दुष्काळाच्या पाठोपाठ देवीची साथ येई, तीही डोळे नेई. दुष्काळात नातलग आधी कोणाला सोडतात? जी चालू शकत नाही, मागू शकत नाही, विकलीही जात नाही तिला. धडधाकट अनाथ मुलीला नेणारे, वाईट हेतूने का होईना, रस्त्यावर पुष्कळ होते. आंधळीला नेणारा कोणी नव्हता.

त्यांना अन्नवस्त्र देऊन एका कोपऱ्यात बसवले असते तरी लोकांनी धन्य म्हटले असते. दीड-दोन हजार तोंडांना दोन वेळा घालायचे होते. तेवढेच पुरे झाले असते. पण रमाबाईंच्या घरी शिकवल्यावाचून कोणाला ठेवायचे नाही ही रीत होती, आणि आंधळेपणा हे तिला कारण पुरले नाही. हे काम उचलले त्यांची मुलगी मनोरमा हिने. मनोरमाबाई तेव्हा विशीत होत्या. अमेरिकेत न्यूयॉर्क संस्थानातील शाळेत शिकून त्या परतल्या होत्या. त्यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि आंधळ्या मुलींचा वर्ग हाती घेतला. आईला कानांची उणीव आणि लेकीने डोळ्यांच्या उणिवेवर काम करावे! आंधळ्या मुलींच्या घराला बार्तीमयाचे नाव देण्यात आले. यरीहोच्या वाटेवर बसून भीक मागणाऱ्या त्या माणसाला गप्प राहायला सांगणारे पुष्कळ होते, आणि प्रभूने थांबून त्याला जवळ बोलावले, ही गोष्ट त्या मुलींना नावातच मिळाली.

ब्रेल लिपी म्हणजे काय हे पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो. लुई ब्रेल हा फ्रान्समधला खोगीर करणाऱ्याचा मुलगा. तीन वर्षांचा असताना बापाच्या आरीने त्याचा डोळा गेला, पुढे दुसराही गेला. त्याने पॅरिसच्या अंधशाळेत असताना ही लिपी रचली आणि 1829 साली ती छापून प्रसिद्ध केली. तीत उभ्या दोन ओळींत तीन-तीन असे सहा ठिपके असतात. कोणते उठवायचे, कोणते नाही, यावरून त्रेसष्ट खुणा होतात. बोटाच्या टोकाखाली एका वेळी एक खूण बसते. लिहिताना जाड कागद चौकटीत अडकवून टोच्याने उजवीकडून डावीकडे टोचत जायचे. कागद उलटला की ठिपके वर येतात आणि डावीकडून उजवीकडे वाचता येतात. म्हणजे लिहिणाऱ्याला प्रत्येक अक्षर उलटे टोचावे लागते. डोळसाला हे अवघड वाटते. आंधळी मुले ते लवकर शिकतात.

मराठीची अडचण वेगळी होती. आपल्या लिपीत वेलांटी मागे जाते, उकार खाली लोंबतो, जोडाक्षरे एकमेकांच्या अंगावर चढतात. बोटाला हे चालत नाही. त्याला एकापुढे एक सरळ खुणा हव्यात. मिशनऱ्यांनी व देशी शिक्षकांनी ठिकठिकाणी आपापल्या परीने खुणा ठरवल्या. त्यामुळे एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचता येत नसे. हा घोळ मिटला तो स्वातंत्र्यानंतर, 1951 साली, सर्व भारतीय भाषांना मिळून भारती ब्रेल ठरली तेव्हा. तीत क, म, र यांच्या खुणा इंग्रजीतल्या त्याच ध्वनीच्या आहेत, आणि स्वराची खूण व्यंजनाच्या पुढेच येते, मग ती वेलांटी असो की उकार. केडगावच्या वर्गात ही सोय नव्हती. ज्यांनी तेव्हा शिकवले त्यांनी पुस्तके नसताना, ठरीव लिपी नसताना शिकवले.

तरी मुली वाचायला शिकल्या. ज्या आधी शिकल्या त्या मागून आलेल्यांना शिकवू लागल्या. शास्त्रभाग तोंडपाठ करणे त्यांना डोळसांपेक्षा सोपे जाई. लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या काळोखात रमेला जसे शिकवले होते, तसेच ते शिकणे होते. टोपल्या-चटया विणण्यासारखी हातकामेही त्यांना शिकवली जात. किंडरगार्टनमध्ये शिकलेली हातांची विद्या येथे उपयोगी पडली असेल असे मला वाटते. जिला दिसत नाही तिला ठोकळा आणि दोरा हेच पुस्तक. अक्षरांपुरता त्यांचा वर्ग निराळा, पण आवार एक आणि प्रार्थनामंदिर एकच. आज अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा बरी की गावच्या शाळेत सर्वांबरोबर बसवणे बरे, यावर पुष्कळ वाद होतो. केडगावला तो वाद कोणी घातला नाही; जेथे वेगळे शिकवावे लागते तेवढे वेगळे आणि बाकी सारे सगळ्यांसोबत, असे तेथे सहजच घडले. मला हेच अधिक शहाणपणाचे वाटते.

त्याच 1900 साली, त्याच दुष्काळातून, मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी आंधळ्या मुलांची शाळा काढली. ती पुढे दादरला आली व अजून चालते. या दोन कामांविषयी आपल्या मंडळ्यांत फार कमी बोलले जाते याचे वाईट वाटते. केडगावच्या 1905 च्या जागृतीवर पुस्तके आहेत, बार्तीमयाच्या घरावर मात्र चरित्रांतून जेमतेम चार-दोन ओळी सापडतात.

रमाबाईंची पुढची वर्षे भाषांतरात गेली. मराठी शास्त्र त्यांना विद्वानी वाटे. खेड्यातल्या बाईला ते वाचून कळत नाही ही त्यांची तक्रार होती. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतचे काम मुक्तिसदनातील बायकांनी केले. ऐकण्याचा दोष होताच. पण कागदावरच्या शब्दाला कान लागत नाहीत. मनोरमाबाई 1917 साली बी. ए. झाल्या, शाळा सांभाळीत होत्या, गुलबर्ग्यालाही त्यांनी काम सुरू केले होते. आईच्या पश्चात सारे त्यांच्यावर सोपवायचे असे ठरलेले होते. 24 जुलै 1921 रोजी, चाळिशीतच, त्या आईच्या आधी गेल्या. वृद्ध रमाबाई एकट्या उरल्या. त्यांनी भाषांतराचे काम तडीस नेले आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच देह ठेवला.

सरकारला या प्रश्नाची जाग यायला पुष्कळ वर्षे लागली. 1974 साली केंद्र सरकारने अपंग मुलांना साध्या शाळांतून शिकवण्याची योजना काढली. अमेरिकेनेही सार्वजनिक शाळांचे दार अशा सर्व मुलांना कायद्याने उघडले ते 1975 साली, म्हणजे फार आधी नव्हे. आपल्याकडे 1995 साली कायदा झाला, 2009 साली शिक्षण हक्काचा कायदा आला आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मोजली. ज्या मुलाला चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व आहे त्याला सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत फुकट शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. ते शिक्षण जवळच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, हे निवडण्याची मुभाही आहे. जे मूल अंथरुणावरून उठू शकत नाही त्याच्या घरी शिक्षकाने जायचे, अशीही तरतूद आहे. कर्नाटकात प्रत्येक तालुक्याच्या शिक्षण साधनकेंद्रात या कामासाठी शिक्षक नेमण्याची व्यवस्था आहे. जोयडासारख्या तालुक्यात त्याला किती रान तुडवावे लागत असेल ते वाचकांनीच समजून घ्यावे. पण त्याने कोणाकडे जायचे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. अपंगत्वाचा सरकारी दाखला काढावा लागतो, त्यासाठी मुलाला मोठ्या इस्पितळात न्यावे लागते, आणि रोजगार बुडवून दोन-तीन खेपा घालायला गरीब बाप कचरतो. कागद भरून देणारे, बसभाडे देणारे, सोबत जाणारे माणूस मिळाले तर ते काम होते.

केडगावला मुक्तिसदन आज शंभर वर्षांहून अधिक काळानंतरही चालू आहे. निराधार बायका आणि अनाथ मुलींबरोबर अंध स्त्रियाही तेथे राहतात.